घरचे टीव्ही-रेकॉर्डिंग : सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी माल पारखा

कापड घेताना आम्ही प्रथम पन्हा मोजतो, धुतल्यावर किती आटेल ते पाहतो आणि भाव शेवटी विचारतो. घरच्या संगणकावर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करण्याची सोय करताना मात्र हा क्रम विसरलो आणि चार हजार रुपये घालवून बसलो. बेलपाड्यातील व्यापारी व कारागीर बंधूंनी तीच चूक करू नये म्हणून हा लेख.

दुकान वाढवून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतात. बाजाराच्या बातम्या तोवर होऊन गेलेल्या असतात. म्हणून संगणकाला लावायचा केबलचा ट्यूनर आणला. जोडल्यावर कळले की केबलच्या वाहिन्यांना कुलूप असते आणि त्याची किल्ली केबलवाल्याच्या बॉक्समध्येच राहते. मुंबईत ही पद्धत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून सक्तीची झाली, नंतर इतरत्र पसरली. खाजगी डिशचेही तेच. म्हणजे आधी प्रश्न सिग्नलचा, सॉफ्टवेअरचा नंतर. आमचा ट्यूनर अजून गल्ल्यात पडून आहे.

मग उपाय काय? डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची फ्री डिश. तिला मासिक वर्गणी नाही आणि तिच्यातील एमपीईजी-२ प्रकारच्या अनेक वाहिन्या कुलपाविना येतात. सह्याद्री वाहिनीही तेथे मिळते. छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवावी आणि ट्यूनर उपग्रहाचाच, म्हणजे डीव्हीबी-एस२ जातीचा घ्यावा.

आता सॉफ्टवेअर. प्लेक्स दिसायला देखणे, पण रेकॉर्डिंगसाठी वर्गणी भरावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये त्याची आजन्म वर्गणी सुमारे १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली. एम्बीतही रेकॉर्डिंगला पैसे पडतात. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीतूनच फुटून निघालेले जेलीफिन पूर्ण फुकट आहे, पण ते संगणकात बसवलेल्या ट्यूनर कार्डाशी स्वतः बोलत नाही. मिथटीव्ही २००२ पासूनचे जुने, भरवशाचे. मात्र त्याला डेटाबेस मांडून द्यावा लागतो आणि आमच्यासारख्याचे डोके तेथेच फिरते. आम्ही लिनक्सवर टीव्हीहेडेंड बसवले. ते ट्यूनरकडून वाहिनी घेते, ठरल्या वेळी मुद्रित करते आणि बघायला कोडी वापरतो. सुरुवातीला भाच्याच्या दोन संध्याकाळी गेल्या, हे कबूल केले पाहिजे. कार्यक्रम वेळेवर सुरू होतीलच असे नाही, म्हणून आधी पाच आणि नंतर दहा मिनिटे जास्तीची लावून ठेवावीत.

जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला ३ मेगाबिट वेगाच्या वाहिनीचा एक तास सुमारे १.३५ गिगाबाइट होतो; एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये सातशे तास सहज मावतात. वीज गेली तर रेकॉर्डिंग अर्धवट तुटते, तेव्हा संगणक इन्व्हर्टरवर घ्यावा.

मेट्रो स्टेशनजवळच्या एका टीव्ही मेकॅनिकने मध्यंतरी आमच्यापुढे भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. नऊशे वाहिन्या 'आयुष्यभर' देणारे बॉक्स तो भरून देणार, आम्ही दुकानात विकायचे. नफा चांगला होता. आम्ही विचारले, या वाहिन्या येतात कोठून? उत्तर मिळाले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खाजगी वापरासाठी मुद्रण करू देते. दुसऱ्याचे प्रक्षेपण पैसे घेऊन विकण्याची मुभा देत नाही. शिवाय असा बॉक्स उद्या बंद पडला तर गिऱ्हाईक मेकॅनिकला शोधणार नाही, आमच्याच पेढीवर येईल. आम्ही नकार दिला. त्याऐवजी फ्री डिशची छत्री व टीव्हीहेडेंड बसवून देण्याचे काम मजुरी ठरवून कर, असे त्याला सुचवले आणि पहिले गिऱ्हाईक म्हणून शेजारचा शिंपी पाठवला.