पहिल्या दिवसाचा कागद

पोरी, हे मी जावईबापूंना सांगत नाही, तुला सांगतोय. पॉवर प्रेसवर ज्याचा हात जातो तो दवाखान्यात आडवा पडलेला असतो, कागदांसाठी धावाधाव घरच्यांनाच करावी लागते. कंपनीच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. अपघाताचे रिपोर्ट माझ्याच टेबलावरून पुढे जायचे. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की भरपाईचा निम्मा निकाल पहिल्याच दिवशी लागतो, आणि तो कोर्टात नाही, दवाखान्यात केसपेपर काढतात तिथे लागतो.

डॉक्टर विचारतात, कसं लागलं? उत्तर द्यायला कंपनीचा माणूस उभा असतो. त्यानेच गाडीत घालून आणलेलं असतं, डिपॉझिटही त्यानेच भरलेलं असतं. तो सांगून मोकळा होतो, ‘मोटरसायकल घसरली’, नाहीतर ‘घरी पडला’. ही एक ओळ पुढे मालकाचा वकील कोर्टात वाचून दाखवतो. म्हणून तू पोचलीस की रडणं, फोन करणं सगळं नंतर. आधी केसपेपरवर काय लिहिलंय ते वाच. ‘अमुक कंपनीत, पॉवर प्रेसवर काम करताना, इतक्या वाजता’ असं असायला हवं. नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगून दुरुस्ती मागून घे. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, झाली का तेही विचार. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं यांचे मूळ कागद घरात ठेवायचे. ‘क्लेमसाठी द्या’ म्हणून कुणी मागितले तर झेरॉक्स द्यायची.

मग कंपनी. अपघाताच्या रजिस्टरात नोंद झाली का ते विचारायचं, पण तोंडी ‘हो हो, झाली’ यावर विसंबायचं नाही. त्याच आठवड्यात साध्या कागदावर तारीख, वेळ, मशीन, जखम आणि हजर असलेल्यांची नावं लिहून स्पीड पोस्टाने मालकाला पाठव आणि पावती जपून ठेव. शेजारच्या मशीनवर कोण होतं, त्यांचे गावाकडचे पत्तेही घेऊन ठेव. ठेकेदाराची पोरं आज इथे तर उद्या सुरतेला.

आता पैसे कुठून मिळतात ते ऐक. याच्या दोन वाटा आहेत आणि एका वेळी एकच मिळते. पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर ईएसआय. नसेल तर थेट मालकाकडून नुकसानभरपाई. ईएसआयला पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये आहे. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 टक्के घालतो. आजारपणाच्या भत्त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, कामावरच्या अपघाताला तसली अट नाही. कामावर लागल्याच्या पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात. त्यानंतर मेडिकल बोर्ड कायमचं अपंगत्व किती ते ठरवतं आणि तेवढ्या प्रमाणात महिन्याचे पैसे हयातभर येत राहतात. नोकरी पुन्हा सुरू केली म्हणून ते बंद होत नाहीत. मालकाने वर्गणीच भरली नसेल तर ते त्याचं आणि ईएसआय महामंडळाचं भांडण. कामगाराला त्यापायी उपाशी ठेवता येत नाही.

जिथे ईएसआय नाही, म्हणजे पाचसहा माणसांची शेड, तिथलं गणित वेगळं. कामगार पूर्ण निकामी झाला तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयानुसार कायद्यात ठरवून दिलेला आकडा. जीव गेला तर 50 टक्के गुणिले तोच आकडा. पगार कितीही असला तरी धरायचे जास्तीत जास्त 15,000. जावईबापू तिशीचे आहेत. तिसाव्या वर्षाचा आकडा 207.98. पंधरा हजाराचे 60 टक्के 9,000, म्हणजे पूर्ण अपंगत्वाचे 18,71,820 रुपये. चाळिशीत हाच आकडा 184.17 वर येतो. नुसती तर्जनी मुळापासून गेली तर कायद्याच्या तक्त्यात 14 टक्के आहेत; त्याचे होतात 2,62,054 रुपये आणि वर काही पैसे. अंगठ्याला 30 टक्के. हाताला काम नसताना सुचेल तेवढी मदत देऊन मालक मोठेपणा मिरवतो, तेव्हा हे आकडे तुझ्या डोक्यात असू देत.

दवाखान्याच्या खर्चाचं तर फार फसवं असतं. ‘आम्ही लाखभर बिल भरलं, आता आणखी काय?’ असं तुला ऐकवतील. उपचाराचा खर्च मालकानेच द्यायचा असतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. हे वाक्य पाठ कर.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे ‘चूक त्याचीच होती, गार्ड त्याने काढला’. निष्काळजीपणा झाला एवढ्यावर भरपाई जात नाही. दारू पिऊन होता, किंवा मुद्दाम हुकूम मोडला, मुद्दाम गार्ड काढला, असं झालं तरच मालकाची सुटका, आणि तेही सिद्ध मालकानेच करायचं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हेही कारण चालत नाही. आणि प्रॉडक्शन निघत नाही म्हणून गार्ड काढायला लावतो कोण, हे मला कुणी सांगायला नको.

तिसरं, ‘तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे.’ काम मुख्य कंपनीच्या धंद्याचं आणि तिच्याच जागेत चाललं असेल तर भरपाई कंपनीकडून मागता येते. ठेकेदाराकडून वसूल करायचं ते तिचं ती बघेल.

सही मात्र जपून. ‘दोन महिन्यांचा पगार घ्या, यापुढे काही मागणार नाही असं लिहून द्या.’ हक्क सोडून दिल्याचा असला कागद कायद्याने रद्दच ठरतो, पण तो रद्द ठरवून घेण्यात वर्षं जातात, म्हणून सही करूच नये. कुणी दगावलं तर भरपाई घरच्यांच्या हातात परस्पर द्यायची नसते, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. त्याआधी तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल मालकाने दिली तर ती खुशाल घे.

टक्केवारीवरही वाद होतात. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई शंभर टक्के गेली, हे न्यायालयाने मानलं. म्हणून डॉक्टरांकडून दाखला घेताना नुसती अपंगत्वाची टक्केवारी घेऊन यायचं नाही. हा माणूस पूर्वीचं काम करू शकतो का, कमाईची ताकद किती गेली, हे त्यात मागायचं. सिव्हिलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र एसटीच्या सवलतीला उपयोगी, या कामाला ते एकटं पुरत नाही.

दावा दोन वर्षांच्या आत करायचा. अपघात झाला तिथेच केला पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या भागातही चालतो, त्यामुळे गावी परत गेलात तरी हक्क मागे राहत नाही. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळलं तर निम्म्यापर्यंत दंड. जुने लोक अजून 1923 च्या कायद्याचं नाव घेतात. तो आणि ईएसआयचा 1948 चा कायदा, दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. वकिलाला अपघाताची तारीख पहिल्या वाक्यात सांग म्हणजे कुठल्या कायद्याने जायचं ते तो ठरवेल.

वकिलाच्या फीचा घोर नको. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. कारखान्यातल्या कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, आणि बाईला तर उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. भरपाईतून तिसरा हिस्सा मागणारे एजंट गेटाबाहेर घुटमळत असतात, त्यांच्या चहालाही बसू नकोस.

पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, हजेरीचं कार्ड, ईएसआयचा नंबर हे सगळं एका पिशवीत घालून तुझ्या कपाटात ठेव, जावईबापूंच्या कंपनीतल्या लॉकरमध्ये नको. अपघातानंतर कंपनीच्या गेटातून तुला कोण आत सोडणार? पगार रोखीत देत असतील तर बँकेत द्या म्हणून आत्ताच सांगायला लाव. आणि जावईबापूंचा ईएसआय नंबर खरंच चालू आहे का, वर्गणी दर महिन्याला जमा होते का, ते येत्या सुट्टीच्या दिवशी त्यांना ऑनलाइन बघायला सांग.