उपाशी इंजिनाचे गणित

बर्नुलीचा सिद्धान्त मी पदार्थविज्ञानाच्या वर्गात बावीस वर्षे शिकवीत आलो आहे. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो व दाब उतरतो. फळ्यावर आकृती, तिच्याखाली समीकरण, की झाला तास! दाराशी उभी असलेली गाडी याच सिद्धान्तावर चालते हे मला ठाऊक होते. पण ते खरे उमगले साखळीच्या अलीकडे, एका भर दुपारी, रस्त्याच्या कडेला.

गाडी वडिलांची, १९८८ सालची ३५० बुलेट. पुतण्याच्या हौसेखातर मी तिचा मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर बसविला. हवेच्या फिल्टरची डबी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर उघडा फिल्टर चढविला. जेटला मात्र हात लावला नाही. आमच्या मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकूनच सांगितले, "सर, इंजिन उपाशी हाय की ओ. जेट बदलूया." मी हसलो. हवा जास्त ओढली तर पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त ओढले जाईल, हे माझे उत्तर तयार होते.

चोर्ला घाट उतरताना मूठ सोडली की सायलेन्सरात फटाके वाजू लागले. खाली सपाट रस्ता लागल्यावर मी मूठ पूर्ण पिळली. काही मैलांनी इंजिनाचा सूर जड झाला आणि मागचे चाक जागीच जखडले. क्लच दाबला म्हणून वाचलो. गाडी घसरत कडेला गेली, मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. पुतण्याचा गुडघा फुटला. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

माझे उत्तर कोठे चुकले? कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात दाब उतरतो व खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर चढते, हे खरे. पण पेट्रोल चढविणारा दाब म्हणजे वाटीतला दाब वजा गळ्यातला दाब. वाटी बाहेरच्या हवेला उघडी असते. मूळ फिल्टरची डबी हवेला थोडा अडथळा करते, म्हणून गळ्यातला दाब वेगामुळे उतरतो तो उतरतोच, शिवाय त्या अडथळ्यामुळे आणखी थोडा उतरतो. कारखान्यातला जेट हा जादा उतार धरूनच निवडलेला असतो. मी अडथळा काढला, तेव्हा हवा वाढली आणि पेट्रोल ओढणारा जादा जोर नाहीसा झाला. मोकळ्या सायलेन्सराने सिलिंडर रिकामा होण्याची व भरण्याची रीत बदलली, त्याची भर वेगळीच.

आता आकडे पाहू. या इंजिनाचे आकारमान ३४६ घन सेंमी. चार फटक्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, म्हणून मिनिटाला ४००० फेऱ्यांवर २००० वेळा. सिलिंडर ८० टक्के भरतो असे धरले तर मिनिटाला सुमारे ५५० लिटर, म्हणजे बेळगावच्या हवेत अंदाजे ६०० ग्रॅम हवा. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. पण पूर्ण जोरासाठी हे प्रमाण १३ च्या आसपास, म्हणजे थोडे दाट ठेवतात. हिशेबाने मिनिटाला ४६ ग्रॅम पेट्रोल हवे. जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते. ते मिळाले नाही की तापमान चढते. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावतो. मधली फट संपली की पिस्टन अडकतो.

यात आणखी दोन कारणांची भर पडली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. गोव्यात उतरताना हवेची घनता ७ टक्क्यांच्या आसपास वाढते, पण जेटमधले पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मिश्रण ३.५ टक्क्यांनी आणखी विरळ! दुसरे कारण इथेनॉल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण जळण्यास सुमारे साडेतेरा भागच हवा लागते, म्हणून जुना जेट त्यालाही अपुरा पडतो.

सिलिंडर बोअर करून घेतल्यावर मिस्त्रींसमोर वही घेऊन बसलो. आमची रीत अशी. प्रथम व्हॉल्व्हची फट, इग्निशनचे टायमिंग व वाटीतली पेट्रोलची पातळी तपासावी. कार्ब्युरेटर व इंजिन यांच्या सांध्यातून हवा गळत असेल तर पुढची सारी मेहनत फुकट. मग मुठीवर कागदी पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कराव्या. पाऊण ते पूर्ण मूठ मेन जेटची. पाव ते पाऊण सुईची: क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते व मिश्रण दाट होते. त्याखालचा थोडा टप्पा स्लाइडच्या कापाचा, आणि बंद मुठीजवळचा पायलट जेट व हवेच्या स्क्रूचा.

सुरुवात मेन जेटपासून, आणि तीही मोठ्या जेटने करावी. दाट मिश्रणाने प्लग काळा होईल, विरळ मिश्रणाने पिस्टन जाईल. छिद्राचा व्यास १० टक्के वाढविला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, म्हणून पायरी लहान घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठीने चालताना मूठ किंचित सैल केल्यावर गाडी उलट जोर धरत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे. चोक थोडा ओढून सुधारणा होत असेल, तरी अर्थ तोच. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन असते, म्हणून 'संगणक सांभाळून घेईल' असे विद्यार्थी म्हणतात. सायलेन्सरातला ऑक्सिजनचा संवेदक संथ चालीत दुरुस्ती करतो, तीही मर्यादेत. पूर्ण मुठीला बहुतेक गाड्या कारखान्याने भरलेल्या आकड्यांवरच चालतात. उपाशी तीही राहू शकते.

शेवटी मी मूळ सायलेन्सर परत बसविला. कायद्याचाही प्रश्न होता: आवाजाची मर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण ती वही मी जपून ठेवली आहे. बर्नुलीच्या तासाला ती आणि तो ओरखडलेला पिस्टन टेबलावर ठेवतो. मग सांगतो, की वाटीतला दाब आणि गळ्यातला दाब, दोन्ही लिहा. मी एकच लिहिला होता.