होडीचं हँडल जड झालं, तर पाकीट उघडण्याआधी

पावसाळी मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. हे दोन महिने जामसंडे, देवगड, तारामुंबरी, मिठमुंबरीच्या होड्या वर ओढलेल्या असतात. आऊटबोर्ड इंजिनं उतरवून कुणाच्या पडवीत, कुणाच्या झापांखाली उभी असतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन पुन्हा होडीला चढतं आणि तेव्हा कळतं, ‘हँडल जड लागता.’ त्या आठवड्यात प्रत्येकालाच मेस्त्री हवा असतो. त्यामुळे घाईत सल्लाही महागाचाच मिळतो : केबल गेली, अख्खं स्टिअरिंग बदलून टाका.

बहुतेक वेळा काहीच बदलावं लागत नाही. उभं राहिलेलं इंजिन जड होतं, कारण ज्या उभ्या दांड्यावर ते डावी-उजवीकडे फिरतं तिथलं ग्रीस वाळतं आणि त्यात मीठ बसतं. कंपन्या या भागाला स्विव्हल ब्रॅकेट म्हणतात. दोष तिथे असला तर इलाज काहीशे रुपयांत होतो. दोष केबलमध्ये असला तर खर्च हजारांत जातो. या दोन्हींतला फरक ओळखायला पैसे लागत नाहीत, फक्त एक जोड सोडावा लागतो.

चाकाचं स्टिअरिंग असलेल्या होडीत केबलचं टोक एका आडव्या दांड्याने इंजिनाला जोडलेलं असतं. त्या जोडाचा नट सोडा, दांडा बाजूला करा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरवा. इंजिन जड फिरलं तर दोष इंजिनाच्या स्विव्हलमध्ये आहे, केबलला हात लावायचं कारण नाही. इंजिन हलकं फिरलं, तर आता चाक फिरवून बघा. चाक जड असेल तर केबल किंवा चाकामागची गिअरपेटी दोषी. दोन्ही हलकी निघाली तर जोडातलाच बुश किंवा दांडा वाकलेला असतो. मेस्त्रीने ही चाचणी तुमच्यासमोर केल्याशिवाय कुठल्याही पार्टला होकार देऊ नका. जोड परत बसवताना मात्र काटकसर नको. तिथे नायलॉनचा लॉकनट असतो आणि एकदा सोडलेला असा नट नवाच घालायचा. नट काही रुपयांचा असतो, पण बंदराच्या तोंडाशी तो निघाला तर होडी कुणाच्याच हातात राहत नाही.

आता खर्चाकडे वळू. पुढचे आकडे ढोबळ आहेत. दुकान, कंपनी आणि हंगाम पाहून ते वरखाली होतात, पण कोणतं काम शेकड्यांतलं आणि कोणतं हजारांतलं हे त्यांवरून कळेल.

स्विव्हल मोकळं करायला ग्रीसगन लागते, ती चारशे ते हजार रुपयांत येते. पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस तीनशे ते सहाशे. गाड्यांचं साधं ग्रीस स्वस्त पडतं, पण खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही आणि वर्षभराने हेच काम पुन्हा निघतं. ब्रॅकेटवर ग्रीस निपल असतात, बहुतेक इंजिनांना दोन किंवा अधिक. गन लावून हळूहळू दाबत राहा. आधी काळपट, मिठाचं, कधी गंजाच्या रंगाचं पाणी बाहेर येतं, त्यामागून जुनं वाळलेलं ग्रीस वळ्या होऊन निघतं आणि शेवटी नवं, स्वच्छ ग्रीस दिसतं. ते दिसेपर्यंत थांबायचं नाही. मधूनमधून इंजिन दोन्ही बाजूंना फिरवत राहायचं, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोचतं. निपलमधून ग्रीस आतच जात नसेल तर निपल काढून साफ करा किंवा नवा बसवा, पन्नास रुपयांच्या आत येतो. मेस्त्रीकडून हे काम करून घेतलं तर मजुरी पाचशे ते हजार.

इंजिन अगदीच जाम झालं असेल तर पेनिट्रेटिंग स्प्रे मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू फिरवा. हातोडा घालू देऊ नका. ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते तडकलं की शेकड्यांतलं काम दहा-वीस हजारांवर जातं.

केबलची निगाही घरच्या घरी होते, पण तिथे एक गोष्ट काटेकोर पाळावी लागते. केबलच्या टोकाचा चकचकीत दांडा इंजिनाच्या नळीतून आत-बाहेर होतो. नळीच्या निपलमध्ये ग्रीस भरायच्या आधी चाक फिरवून तो दांडा पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना ग्रीस भरलं तर ते आत कोंडतं, दांडा अडतो आणि चांगली केबल गेली असं वाटतं. बाहेर दिसणारा दांडा फडक्याने पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. केबलचं वरचं प्लास्टिक कुठे फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर आत पाणी शिरून तार गंजली आहे असं समजा. तेव्हा ती बदलायचीच, तेलपाणी करून उपयोग नाही. चाक, गिअरपेटी आणि केबल असा पूर्ण मेकॅनिकल संच बारा ते तीस हजारांपर्यंत जातो. नुसती केबल त्याहून बरीच कमी. फक्त केबल मिळेल का, हे आधी विचारा, कारण दुकानदार बहुधा संचच पुढे करतो. नवी घेताना लांबी जुन्या केबलवरच्या छापावरून घ्या. लांब केबल घेऊन तिला वळसे दिले तर नवं स्टिअरिंगही पहिल्या दिवसापासून जड राहील. हायड्रॉलिक स्टिअरिंग मेकॅनिकल संचाच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. मोठ्या ताकदीच्या इंजिनाला ते शोभतं. खाडीत आणि किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्या छोट्या होडीला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हँडलच्या, म्हणजे टिलरच्या इंजिनाला केबलच नसते. त्यावर घर्षण कमी-जास्त करण्याचा एक छोटा दांडा किंवा स्क्रू असतो. हँडल जड वाटलं की सगळ्यात आधी तो बघा. कित्येकदा कुणीतरी तो आवळून ठेवलेला असतो आणि हा इलाज फुकटात होतो. मात्र जाळं ओढताना हात मोकळा राहावा म्हणून हा स्क्रू मुद्दाम घट्ट करून हँडल सोडून देणारे खलाशी मी पाहिले आहेत, आणि ते करू नका असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. लाट आली की घट्ट हँडल वेळेवर वळत नाही. घर्षण इतकंच ठेवा की इंजिन हाताला स्थिर लागेल, पण एका हाताने सहज वळेल. चाचणी खाडीतल्या शांत पाण्यात करा आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवून करा.

दुसरी तक्रार वेगळी असते. हँडल हलकं असतं, पण होडी सतत एका बाजूला ओढते आणि दिवसाअखेर खांदा भरून येतो. हे पंख्याच्या फिरण्यामुळे होतं आणि त्याचा इलाज इंजिनातच दिलेला असतो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्या खाली माशाच्या शेपटीसारखा एक तुकडा असतो, त्याला ट्रिम टॅब म्हणतात. अनेक मॉडेलमध्ये तो एका बोल्टवर फिरवता येतो. होडी उजवीकडे ओढत असेल तर टॅबचं मागचं टोक उजवीकडे फिरवायचं, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. आधी जुन्या जागेवर खिळ्याने खूण करा, थोडंसंच फिरवा, बोल्ट घट्ट करा आणि नेहमीच्या वेगाने चालवून बघा. वेग बदलला की ओढही बदलते, म्हणून ज्या वेगाने तुम्ही बंदरातून जाता-येता त्याच वेगाला टॅब लावायचा. बऱ्याच इंजिनांत हाच टॅब गंजरोधक झिंकचाही असतो. त्यावर रंग लावायचा नाही आणि अर्धा झिजला की बदलायचा. किंमत पाचशे ते दीड हजार. आधीच्या खुणेवर नवा बसवला की पुन्हा चाचण्या करत बसावं लागत नाही.

इंजिन किती उंचीवर बसवलंय तेही एकदा तपासा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. इंजिन खूप वर असेल तर वळताना पंखा हवा पकडतो, खूप खाली असेल तर सुकाणू जड लागतं. हे काम दोन माणसं अर्ध्या तासात करतात.

ट्रॉलरवर, म्हणजे आतल्या डिझेल इंजिनाच्या बोटीवर, वळणं सुकाणूवर असतं. चाकापासून साखळी आणि तारदोर कप्प्यांवरून मागे जाऊन सुकाणूच्या आऱ्याला धरतो. इथे जडपणा बहुधा कप्प्यांत असतो. त्या साफ करून त्यांना ग्रीस लावलं की अर्धी तक्रार मिटते. दोर सैल झाला असेल तर टर्नबकल दोन्ही बाजूंना सारखंच फिरवा, नाहीतर चाक सरळ असताना सुकाणू तिरकं राहील. फार ताणूही नका, कप्प्या झिजतात. स्टेनलेस तारदोर जाडीप्रमाणे साठ ते दीडशे रुपये मीटर मिळतो. एका जरी तारेचा काटा हाताला टोचला तरी दोर बदला. क्लॅम्प तीन घाला आणि त्यांचा यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकाकडे ठेवा, ओझं धरणाऱ्या बाजूला नव्हे. सुकाणूच्या दांड्याचा बुश किंवा ग्लँडचं पॅकिंग बदलायचं असेल तर बोट वर काढावी लागते. तो खर्च वेगळा, म्हणून ते काम बंदीच्या काळातच उरका.

पायाच्या पेडलवर चालणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर आपल्या किनाऱ्यावर विरळा आहे, गळाने मासे मारायची हौस असलेल्या लोकांकडे ती दिसते. तिचं पेडल जड वाटलं तर आधी पेडलपासून मोटरपर्यंतच्या केबलला कुठे तीव्र मुरड पडली आहे का ते बघा. मग केबलचा ताण दोन्ही बाजूंना सारखा करा. घेताना मात्र खाऱ्या पाण्यासाठीचंच मॉडेल घ्या. गोड्या पाण्याची मोटर स्वस्त असते, खाडीत ती लवकर गंजते आणि तिचे पार्ट बहुधा बाहेरून मागवावे लागतात.

काम कुणाकडूनही करून घ्या, तीन गोष्टी मागा : कामाआधी खर्चाचा अंदाज लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, बदललेला जुना पार्ट परत, आणि स्वतःच्या नावाचं बिल, ज्यावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असेल. नव्या केबलच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख दुकानातून निघण्याआधी घ्या. बहुतेक कंपन्या धंद्याच्या वापरासाठी वॉरंटीची मुदत कमी ठेवतात, ती ओळ तिथेच वाचा.

‘होडी धंद्याची, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही,’ असं कुणी सुनावलं तर मागे हटू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळली आहे. स्वतः होडी चालवून पोट भरणारा मच्छीमार त्या आधाराने ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. आधी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अर्जासोबत बिल, वॉरंटी कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंदाज आणि जुन्या पार्टचा फोटो जोडा.