विजेच्या मोटारींतील तापदर्शक : तो केव्हां बदलावा व कसा बदलावा

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हें गांव आहे. येथील आठवड्याचा बाजार जनावरांसाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे, व त्या बाजारांत बैलाची पारख कशी होते हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. जाणता शेतकरी बैलाच्या कानास हात लावतो, नाकपुडी ओली आहे कीं कोरडी हें पाहतो, आणि जनावरास ताप आहे किंवा नाहीं हें सांगतो. आतां त्याच बाजाराच्या कडेला विजेवर चालणाऱ्या मोटारीही उभ्या दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांच्या अंगांत ताप आहे कीं नाहीं हें हात लावून समजत नाहीं. तें सांगण्याचें काम बोटाच्या पेराएवढ्या एका अवयवाकडे सोंपविलेलें असतें. कारागीर त्यास सेन्सर म्हणतात. आम्ही ह्या लेखांत त्यास तापदर्शक म्हणूं. तो बिघडला असें समजून लोक तो बदलतात, आणि पुष्कळदां तो बिघडलेला नसतो. ह्या चुकीचा खर्च आमच्या एका सभासदास सोसावा लागला, म्हणून हा विषय घेतला आहे.

सर्वच विजेच्या गाड्यांस हा विचार लागू नाहीं. बहुतेक विजेच्या दुचाकी व गांवोगांव माणसें नेणाऱ्या पुष्कळशा तीनचाकी गाड्या वाऱ्यानेंच थंड होतात. त्यांत द्रव नाहीं, रेडिएटर नाहीं, म्हणून द्रवाचा तापदर्शकही नाहीं. चारचाकी मोटारींची गोष्ट वेगळी. टाटा मोटर्स कंपनीनें जानेवारी २०२० मध्यें जी नेक्सॉन ईव्ही बाजारांत आणली तिची बॅटरी द्रव फिरवून थंड राखलेली आहे, आणि त्यानंतर आलेल्या पुष्कळ मोटारींत हीच रीत आहे. ज्यांच्या विहिरीवर पूर्वीं ऑइल इंजिन होतें त्यांस ही रचना परकी वाटूं नये. इंजिनाच्या धडाभोंवतीं पाणी फिरे, तें तापून टाकींत येई, तेथें निवून परत जाई. आणि शेतकरी टाकींत हात घालून इंजिनाचा अंदाज घेई. विजेच्या मोटारींत पाण्याच्या जागीं कूलंट, म्हणजे इथिलिन ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांचें मिश्रण, असतें. तें विजेच्या लहान पंपानें फिरतें. आणि हाताच्या जागीं तापदर्शक असतो.

एक फरक मात्र ध्यानांत ठेवावा. इंजिनाचें पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापलें तरी इंजिन सुखानें चालतें. लिथियमच्या बॅटरीस तें सोसत नाहीं. तिला साधारणतः २० ते ३५ अंश सेल्सिअस मानवतात. त्याहून फार अधिक उष्णतेंत ती जितकी राहील तितकें तिचें आयुष्य लवकर सरतें. आमच्या बीड जिल्ह्यांत मे महिन्याच्या दुपारीं बाहेरची हवाच ४० अंशांपुढें जाते. म्हणजे गाडी लिंबाखालीं नुसती उभी असली तरी बॅटरी सुखाच्या मर्यादेबाहेर जाऊं पाहते. मग घाट चढतांना किंवा घाईनें चार्जिंग करतांना काय होत असेल याची कल्पना करावी. म्हणून तापदर्शकानें धोका कळवितांच गाडीचा संगणक मोटरीची शक्ति कमी करतो, चार्जिंग मंद करतो, व पंप आणि पंखा जोरानें चालवितो. बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळें ही सावधगिरी योग्यच होय.

तापदर्शकाच्या पोटांत धातूंच्या ऑक्साइडांचा एक बारीक मणी असतो. तांब्याची तार तापली म्हणजे विजेस तिचा विरोध वाढतो. ह्या मण्याचें उलट आहे, तो तापला कीं विरोध घटतो. १८३३ सालीं मायकेल फॅराडे यानें रुपें व गंधक यांच्या संयुगांत हा उलटा गुण पाहिला होता. परंतु व्यापारी उपयोगाचा असा मणी सॅम्युएल रूबेन यानें १९३० सालीं केला, म्हणजे मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. सामान्यतः मिळणाऱ्या एका जातीच्या मण्याचा विरोध २५ अंशांस १० किलोओहम असतो. ४० अंशांस तो सुमारें ५.३, ६० अंशांस २.५ आणि ८० अंशांस १.३ किलोओहमवर येतो. दुसऱ्या कांहीं जाती २५ अंशांस २ किलोओहमच्या आसपास असतात. यास्तव आंकडे आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांतूनच घ्यावे. चढउताराची दिशा मात्र सर्वत्र हीच.

यावरून दोष ओळखण्याची एक सोपी किल्ली हातीं येते. संगणकास अंश कळत नाहींत, फक्त विरोध कळतो. तार तुटली तर विरोध अमर्याद होतो, आणि संगणक त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा करतो. तपासणीच्या यंत्रावर उणे ४० अंशांसारखा आंकडा दिसतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर विरोध नाहींसा होतो, आणि गाडी सुरूं करतांच अशक्य उष्णता दिसते. नेकनुरांत भर उन्हाळ्यांत उणे ४० अंश दिसले तर तापदर्शक, त्याची तार किंवा जोड यांपैकीं एकांत दोष आहे हें सांगण्यास कारागीर नको. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल तर आधीं उंदरानें तार कुरतडली आहे काय तें पाहावें. परंतु आंकडा सकाळीं ३०, घाटाच्या पायथ्याशीं ४०, आणि वर पोंचेपर्यंत ५५ असा क्रमानें चढत असेल, तर तापदर्शक बहुधा खरें बोलत आहे आणि गाडी खरोखरच तापत आहे.

आमच्या सभासदाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. बीडहून परत येतांना, मे महिन्यांत दुपारीं दोनच्या सुमारास, मांजरसुंब्याच्या घाटांत त्यांच्या मोटारीचा धोक्याचा दिवा लागला व गाडी बैलगाडीच्या चालीनें वर आली. शहरांतील एका कारागिरानें कांहींएक न तपासतां तापदर्शक बदलून दिला. चार दिवसांनीं त्याच घाटांत तोच दिवा पुन्हां लागला. गृहस्थ सावध, त्यांनीं जुना तापदर्शक कागदांत गुंडाळून आणला होता. आम्हीं नवाही काढावयास लावला आणि दोन्ही एकाच पातेल्यांत, एकाच पाण्यांत तपासले. दोघांचे आंकडे प्रत्येक पायरीस जवळजवळ सारखे! मग कूलंटची टाकी पाहिली, ती खालच्या खुणेच्याही खालीं उतरलेली. एका रबरी नळीची पकड सैल होऊन थेंब थेंब गळत होतें, आणि दोन महिने गृहस्थ त्यांत बोअरचें पाणी भरीत होते. आमच्या भागांतील बोअरचें पाणी हंड्यास पांढरा थर धरवितें हें प्रत्येक गृहिणी जाणते. तोच थर रेडिएटरच्या केसाएवढ्या वाटांत धरला. जुन्या राखणदारानें चोर आल्याचें सांगितलें म्हणून त्यास काढून नवा ठेवला, व नव्यानेंही तेंच सांगितलें, असा हा प्रकार.

तेव्हां बदलण्यापूर्वीं परीक्षा करावी. तापदर्शक दोऱ्यानें पातेल्यांत असा लोंबता ठेवावा कीं तो बुडाला टेकणार नाहीं, आणि त्याचा जोड पाण्याबाहेर राहील. शेजारीं तापमापक धरावा. मल्टिमीटरचीं दोन टोकें त्याच्या दोन पिनांस लावून ३०, ४०, ५०, ६० अंशांस विरोध लिहून घ्यावा. आंकडा प्रत्येक पायरीस संथपणें उतरला पाहिजे. तो मध्येंच उडी घेत असेल, अडून बसत असेल, किंवा तार किंचित् हलवितांच बदलत असेल, तर अवयव खराब समजावा. जोडांतील पिनांवर हिरवा गंज असेल तर तो साफ करून पुन्हां मोजावें. पुष्कळांचे पैसे येथेंच वांचतील.

परीक्षेंत तो दोषी ठरला तरच पुढें जावें, आणि त्याआधीं आमचा एक इशारा वाचकांनीं मनावर घ्यावा. विजेच्या मोटारींत जाड नारिंगी रंगाच्या तारा असतात. त्यांतून सामान्यतः ३०० ते ४०० व्होल्टची एकदिश वीज वाहते, आणि ६० व्होल्टच्या वरची अशी वीज जिवास धोक्याची मानतात. त्या तारांस, त्यांच्या जोडांस किंवा बॅटरीच्या पेटीस घरीं कोणीही हात लावूं नये, आणि मल्टिमीटरचें टोक तर मुळींच लावूं नये. पेटीच्या आंतील तापदर्शक हें शिकलेल्या व योग्य हातमोजे असलेल्या कारागिराचेंच काम आहे. आम्ही सांगत आहों तो रेडिएटरच्या नळीवर किंवा पुढच्या पाइपावर, नारिंगी तारांपासून दूर बसविलेला, पांच व्होल्टवर काम करणारा तापदर्शक. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर तोही स्वतः न काढतां कंपनीकडून फुकट बदलून मागावा. विनाकारण हमी घालविण्यांत शहाणपण नाहीं.

गाडी सपाट जागीं उभी करून चार्जिंगची तार काढावी, गाडी बंद करावी, व किल्ली दूर घरांत ठेवावी. कांहीं गाड्यांचा पंप किल्ली जवळ येतांच जागा होतो. मग १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचें उणें टोक सोडावें आणि पुस्तकांत सांगितला असेल तितका वेळ थांबावें. सर्व निवल्यावरच कूलंटच्या टाकीचें झांकण सावकाश उघडावें. तापदर्शकाखालीं स्वच्छ परात ठेवावी. जोडाची खुंटी दाबून जोड ओढावा. तारेस धरून ओढूं नये. कांहीं तापदर्शक आट्यांचे असतात, कांहीं नुसते आंत सारून वरून वाकड्या तारेच्या चिमट्यानें धरलेले असतात. नवा हातांत तयार ठेवूनच जुना काढावा, म्हणजे कूलंट थोडें सांडतें. जुनी रबरी कडी भोकांत अडकून राहिली नाहीं ना, हें बोटानें चांचपून पाहावें; एकावर एक दोन कड्या बसल्या कीं गळती ठरलेली. नव्या कडीस थोडें कूलंट लावावें. आट्यांचा असेल तर हातानें बसवून पान्यानें पुस्तकांतील मापाइतकाच आंवळावा. प्लॅस्टिकच्या पाइपांत पुरुषार्थ दाखविला तर पाइप तडकतो, आणि मग शंभर रुपयांच्या कामाचे हजार होतात.

यापुढची पायरी लोक टाळतात. कूलंट उतरलें कीं नळ्यांत हवा शिरते. हवेच्या बुडबुड्यांत बसलेला नवा तापदर्शकही खोटेंच सांगणार, आणि पंप हवा ओढूं लागला तर बॅटरीकडे थंडावा पोंचणारच नाहीं. म्हणून पुस्तकांत नांव दिलेलेंच कूलंट खुणेपर्यंत भरावें. तें दाट मिळत असेल तर त्यांत खनिजें काढलेलें पाणीच मिसळावें. कांहीं गाड्यांस वीज कमी वाहून नेणारें खास कूलंट लागतें, त्याऐवजीं रंग सारखा दिसतो म्हणून दुसरें ओतूं नये. उणें टोक जोडून, पुस्तकांतील रीतीनें पंप चालवून हवा काढावी व टाकी उतरेल तशी भरावी. कित्येक गाड्यांत हें काम दुरुस्तीगृहांतील तपासणी-यंत्रावांचून होत नाहीं; तशी गाडी असेल तर तापदर्शक घरीं बदलण्याचा हट्टच धरूं नये.

सांडलेलें कूलंट अंगणांत राहूं देऊं नये. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतें व तें मूत्रपिंडें निकामी करतें. कुत्रें किंवा वांसरूं तें आवडीनें चाटतें. परातींतलें कूलंट बंद डब्यांत भरून, चिठ्ठी लावून दुरुस्तीगृहांत द्यावें. सांडल्या जागेवर माती टाकून ती माती उचलावी, आणि पाण्यानें धुवून ओघळ गोठ्याकडे जाऊं देऊं नये.

आमच्या सभासदांनीं रेडिएटर धुवून घेतला, नळीची पकड बदलली, नवें कूलंट भरलें, आणि भर दुपारीं घाट चढून पाहिला; दिवा लागला नाहीं. जुना तापदर्शक त्यांनीं फेंकला नाहीं. कोरड्या डबींत, पातेल्यांतले आंकडे लिहिलेल्या चिठ्ठीसह, तो गाडींतच ठेवला आहे.