इंजिनं ठेवून जाशील तेव्हा

अगं, नोकरीला परगावी निघालीस ते छानच. पण तुझी छोट्या रेल्वेची, एचओ मापाची इंजिनं घाईघाईत खोक्यात भरून माळ्यावर टाकू नकोस. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं १९९८ साली सुरू झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, तिथल्या गाड्या सतत चालतात, म्हणून त्यांची देखभालही होत राहते. तुझी इंजिनं मात्र आता उभीच राहणार, आणि उभ्या इंजिनातलं ग्रीस घट्ट होतं.

आधी प्रत्येक इंजिन थोडा वेळ दोन्ही दिशांना पळव. कुठलं अडखळतंय ते तेव्हाच कळेल. मग चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओल्या केलेल्या फडक्यानं पूस. पॉलिश पेपर लावू नकोस, ओरखड्यांत मळ आणखी धरतो. जुनं ग्रीस काढ आणि प्लास्टिकला न खाणारं हलकं तेल टाचणीच्या टोकानं आसाला लाव. तेवढंच पुरे. काही चाकांना पकडीसाठी रबरी कडी असतात, तेल लागलं की ती फुगून सुटतात. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठतं ते.

गुंडाळायला आम्लरहित टिश्यू कागद घे. बबल-रॅप रंगाला टेकला तर त्याचे गोल ठसे उमटतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

आता जागेचं बोलते, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. आपल्या तासगावात कोरडी, मोकळी जागा म्हटलं की बेदाण्याची शेड सुचते. तिथं अजिबात नको. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुराला ओलावा मिळाला की आम्ल होतं आणि धातूला खातं. चाकांवरून वीज घेणाऱ्या बारीक पट्ट्या काळ्या पडल्या, की इंजिन रुळावर गप्प बसतं. द्राक्षांच्या फवारणीचं गंधक, मोरचूद ठेवतात ती खोलीही नको. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात इतका तापतो की प्लास्टिकची बॉडी वाकायची. मधल्या खोलीतलं कपाट बरं, त्यातही वरचा कप्पा. त्यात डांबरगोळ्या नकोत हं, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं.

वर्षातून दोनदा मी काढून फिरवीन. फक्त कुठल्या इंजिनाला कुठला कंट्रोलर, डिकोडर असेल तर त्याचा नंबर, हे चिठ्ठीवर लिहून खोक्यातच ठेव.