दारुहरिद्रा, बर्बेरीन आणि यकृतपेशीतील कोलेस्टेरॉल



चरकसंहितेतील लेखनीय महाकषायात हरिद्रेबरोबर दारुहरिद्रेचीही गणना आहे. तिच्या पिवळ्या रंगास कारण असलेले बर्बेरीन आता कॅप्सूलरूपाने मिळते, आणि तांबडा-पांढरा रस्सा न सोडता कॅप्सूल मागणारा रुग्ण आपल्या कोल्हापुरास नवा नाही. म्हणून या द्रव्याचे यकृतपेशीतील कार्य आणि त्याच्या मर्यादा प्रस्तुत लेखात पाहू.

पेशीतील कार्य : यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील एलडीएल-ग्राही रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेतात. ग्राही वाढले की रक्तातील एलडीएल उतरते. स्टॅटिन औषधे पेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात; त्यामुळे पेशी ग्राहीच्या जनुकाच्या नव्या प्रती काढते. बर्बेरीनची वाट निराळी आहे. हेप-जी-२ या मानवी यकृतपेशींत ते ग्राहीचा संदेशवाहक आरएनए अधिक काळ टिकवते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी व अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात ३२ रुग्णांना रोज १ ग्रॅम बर्बेरीन ३ महिने दिल्यावर एलडीएल २५ टक्के आणि ट्रायग्लिसराइड ३५ टक्के घटले.

मर्यादा : हेप-जी-२ या यकृताच्या अर्बुदापासून वाढविलेल्या पेशी आहेत. त्यांना आहार नाही, अग्नी नाही, प्रकृती नाही. शिवाय मुखावाटे घेतलेल्या बर्बेरीनचा अत्यल्प अंशच रक्तात पोहोचतो. गुग्गुळाचे उदाहरण बोलके आहे. २००२ साली गुग्गुलस्टेरोनचे पेशीतील कार्य उलगडले. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ८ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत गुग्गुळ-अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल उलट वाढले. पेशीतील निष्कर्ष ही दिशा आहे, सिद्धी नव्हे.

व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

१) काढा म्हणजे बर्बेरीन नव्हे. काष्ठात बर्बेरीन शेकडा २ धरले, तरी १ ग्रॅमसाठी ५० ग्रॅम काष्ठ लागेल. अभ्यासातील आकडे काढ्याच्या जाहिरातीत छापणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२) दारुहळद म्हणून कॉसिनियम फेनेस्ट्रेटम या वेलीचे खोडही विकले जाते. तिच्यातही बर्बेरीन असल्याने केवळ त्याचे प्रमाण मोजून भेसळ उघड होत नाही. औषधनिर्मात्यांनी खोडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा.

३) बर्बेरीन यकृतातील सीवायपी-३ए४ या विकरास अवरोध करते. त्यामुळे सायक्लोस्पोरिनची, तसेच काही स्टॅटिनची रक्तातील पातळी वाढू शकते. रुग्ण कोणती औषधे घेतो, हे विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊ नये. गर्भिणी, स्तनदा माता व नवजात अर्भक यांना ते वर्ज्य समजावे.

४) हृद्रोगी रुग्णाचे स्टॅटिन आपल्या शब्दावर बंद होता कामा नये. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाशी बोलावे आणि लिपिड तपासणी करूनच पुढचे ठरवावे.

प्रयोगशाळेने आपल्या द्रव्याच्या कार्याचा एक धागा दाखविला, याचा आनंद जरूर मानावा. पण प्रयोगशाळेत पेशी असते आणि आपल्यासमोर रुग्ण, हे विसरू नये.