रेडिओची खरखर आणि आकाशातील वीज

देवरी तालुक्यातील चिचगड हा छत्तीसगडच्या सीमेलगतचा अरण्यप्रदेश. धानाच्या रोवणीच्या दिवसांत येथे बांधीत वाकलेल्या माणसांना विजेचे मोठे भय असते. अशा वेळी घरातील साधा मध्यमलहरी रेडिओही उपयोगी पडतो. वीज चमकली की तिच्यापासून रेडिओलहरी निघतात व संचात खरखर उमटते. पुष्कळदा गडगडाट कानी येण्यापूर्वीच. संचातील फेराइट दांड्याचे टोक वादळाकडे वळले की हा आवाज मंदावतो, त्यामुळे दिशेचाही अंदाज येतो. अंतर मात्र कळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संवेदक याच लहरी अनेक ठिकाणी टिपतात आणि त्या पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून विजेचे स्थान ठरवितात. ‘दामिनी’ ॲप ती सूचना मोबाइलवर देते.

हौशी श्रोत्यांना स्कॅनरचे आकर्षण वाटते, ते समजण्यासारखे आहे. पोलिसांचे बिनतारी संदेश मात्र या छंदाबाहेर ठेवले पाहिजेत. जंगलात गस्तीवर असलेल्या तुकडीचा ठावठिकाणा एका वाक्याने उघड होऊ शकतो. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार बेकायदेशीरपणे संदेश टिपणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्यांना बिनतारी विद्येची ओढ आहे, त्यांनी हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा द्यावी. वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते.